हातांचा भाव

१८९७ साल उजाडलं तेव्हा मुंबईच्या गिरणगावात एक नवीच गोष्ट पाहायला मिळू लागली. पहाटे, भोंगा व्हायच्या आधी, गिरण्यांचे जॉबर, म्हणजे मुकादम, नाक्यानाक्यावर येऊन उभे राहत आणि कामावर निघालेल्या माणसांना आजचा रोज किती देणार ते सांगत. एकाने आकडा सांगितला की शेजारच्या गिरणीचा माणूस त्यावर चढवून बोले. कामगार थांबून ऐकत आणि जिकडे जास्त तिकडे वळत. सूर्य मावळेपर्यंत खात्यात राबायचं आणि त्या दिवसाची मजुरी त्याच संध्याकाळी रोख मोजून घ्यायची. त्या काळाच्या नोंदींत याला सरळ लिलाव असाच शब्द वापरला आहे.

एरवी या माणसांना महिन्याचा पगार पुढच्या महिन्याचे पंधरा-वीस दिवस उलटल्याशिवाय मिळत नसे. म्हणजे दीड महिन्याची कमाई कायम मालकाकडे अडकलेली. न सांगता काम सोडलं तर ती बुडाली. खोलीचं भाडं, वाण्याची उधारी, गावाकडची मनिऑर्डर सगळं या अडकलेल्या पैशावर अवलंबून. त्यामुळे कामगाराला जागचं हलता येत नसे आणि मालकांना नेमकं तेच हवं असे. ही व्यवस्था मोडायला कुठली चळवळ कारण झाली नव्हती. ती मोडली प्लेगने.

सुरुवात मांडवीत झाली. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. गोणींवर गोणी रचलेल्या, वर दाटीवाटीच्या खोल्या, खाली उंदरांना मुबलक दाणा. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातलं होतं आणि तिथली जहाजं मुंबईला येत होती. १८९६ च्या पावसाळ्यात मांडवीत उंदीर पडू लागले, पाठोपाठ माणसं. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे आणि मुंबई महापालिकेचे सदस्यही होते. आधी अनेकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, कारण बंदराच्या शहरात प्लेग असं जाहीर होणं म्हणजे व्यापाराच्या मुळावर घाव. ऑक्टोबरात वॉल्डेमार हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस तयार करायला बसले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली.

तोवर शहर रिकामं होत आलं होतं. साडेआठ लाखांच्या मुंबईतली जवळपास निम्मी माणसं १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत निघून गेली होती. मांडवीचे धान्यव्यापारी आधी गेले, मग कारकून, मग गिरणी कामगार. कोकणात जाणाऱ्या आगबोटी आणि घाटाकडच्या गाड्या भरभरून सुटत होत्या. रत्नागिरी जिल्ह्यातून गिरण्यांना सर्वाधिक माणूसबळ मिळे. तो माणूस गावाला गेला की ओळीने चात्या आणि माग बंद पडत. सत्तरच्या आसपास गिरण्या आणि थोडेच कामगार, म्हणून नाक्यावरचा तो लिलाव.

मालकांच्या संघटनेने तो थांबवायचा प्रयत्न केला. कुणी कुणापेक्षा जास्त देऊ नये असं ठरवायचं, आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या मालकाने माग चालू ठेवण्यासाठी गुपचूप जास्त द्यायचं, असं चालू राहिलं. कामगारांनी रोजच्या रोज मजुरीचा हट्ट सोडला नाही आणि मालकांनी पुन्हा महिन्याची पद्धत आणायला घेतली तेव्हा १८९७ मध्ये त्यावरून संप झाले. संघटना नाही, नेता नाही, वर्गणी नाही, तरी संप झाले. मुंबईच्या कामगारांच्या इतिहासात या महिन्यांना जेवढी जागा मिळायला हवी तेवढी अजून मिळालेली नाही.

याच काळात दुसऱ्या एका वर्गालाही आपल्या हातांची किंमत कळली, किंवा खरं म्हणजे सरकारला कळली. रुग्णांना जबरदस्तीने इस्पितळात नेण्याच्या हुकमाने शहर खवळलं होतं. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. महापालिका आयुक्त स्नो यांना त्याहून मोठी भीती होती ती हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून जातील याची. ते गेले असते तर मैला कुणी उचलायचा? आठवडाभरात मुंबई राहण्याजोगी उरली नसती. हुकूम सैल करण्यामागे हे एक मोठं कारण होतं. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांच्या निघून जाण्याच्या नुसत्या शक्यतेने सरकारी धोरण बदललं.

पण हा भाव टिकला नाही. १८९६ मध्ये पाऊस दगा देऊन गेला होता. नगर, सोलापूर, सातारा, पुणे या भागांत दुष्काळ होता. गावात दाणा नाही आणि शहरात प्लेग, अशा कात्रीत सापडलेली माणसं प्लेगचा जोर ओसरताच गिरण्यांच्या दारात परत आली. दारात माणसं जास्त झाली तसा लिलाव बंद पडला, महिन्याचा पगार आणि अडकवलेली बाकी परत सुरू झाली. मजुरी ठरावीक दिवसांच्या आत दिलीच पाहिजे असा कायदा व्हायला १९३६ साल उजाडावं लागलं. प्लेगच्या काही महिन्यांत नाक्यावर उभं राहून जे मिळवलं, ते कागदावर यायला जवळपास चाळीस वर्षं गेली.

साथ येते तेव्हा माणसं मरतात, बाजार बसतो, जहाजं थांबतात. हे सगळीकडे सारखंच. पण साथीनंतर काय होतं ते कुठेही सारखं नसतं. माणसं कमी झाली की उरलेल्यांच्या श्रमाचा भाव वाढायला हवा, हा साधा हिशेब. तो प्रत्यक्षात उतरतो की नाही, हे ताकद कुणाच्या हातात आहे यावर ठरतं. याचा सर्वांत मोठा पुरावा चौदाव्या शतकात आहे.

१३४७ ते १३५१ या चार वर्षांत प्लेगने युरोपातली किमान एक तृतीयांश माणसं नेली. इंग्लंडमध्ये तो १३४८ च्या उन्हाळ्यात उतरला. पुढच्या सुगीला शेतं उभी होती आणि कापणारे हात नव्हते. तोवर जमीनदाराच्या शेतावर वेठ राबणारी कुळं आता शेजारच्या जहागिरीत जाऊन रोख मजुरी मागू लागली. राजा तिसऱ्या एडवर्डच्या सरकारने साथ चालू असतानाच, जून १३४९ मध्ये, फर्मान काढलं आणि १३५१ मध्ये पार्लमेंटने त्याचा कायदा केला. साथीच्या आधी जी मजुरी होती तीच घ्यायची, धडधाकट माणसाने काम नाकारायचं नाही, मुदतीआधी काम सोडून जायचं नाही. मोडेल त्याला दंड किंवा खोडा. गावोगाव हजारो लोकांवर खटले चालले, त्यात मोलकरणी होत्या, कापणीवाल्या बायका होत्या, गवंडी होते. १३६३ मध्ये तर कोणत्या थराच्या माणसाने कसलं कापड अंगावर घालायचं याचाही कायदा झाला, कारण मजुरांच्या अंगावर बरे कपडे दिसू लागले होते!

तरी मजुरी वाढतच राहिली. जमीनदार स्वतःच कायदा मोडून जास्त पैसे देत, कारण पीक शेतात कुजलं तर त्यांचंच नुकसान. १३८१ मध्ये डोईपट्टीच्या निमित्ताने शेतकरी लंडनवर चालून गेले. त्यांचा पुढारी वॅट टायलर मारला गेला, बंड चिरडलं गेलं, पण वेठीची पद्धत पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत विरून गेली. साथीनंतरच्या शतकात इंग्लंडमधल्या साध्या मजुराच्या पानात मांस आणि चांगली भाकरी आधीपेक्षा जास्त येऊ लागली.

नाईलच्या काठी हाच रोग आला आणि उलटं झालं. इजिप्तची शेती पुराच्या पाण्यावर. ते पाणी कालव्यांनी आणि बांधांनी खेळवायचं. दरवर्षी गाळ काढायला, बांध घालायला गावंच्या गावं लागत. माणसं मेली तसे कालवे बुजले, बांध फुटले. जमिनीचा महसूल खाणारे मामलुक सरदार कैरोत राहत, गावाशी त्यांचा संबंध वसुलीपुरता. त्यांनी उरलेल्यांवर बोजा वाढवला, तसा शेतकरी पळाला आणि आणखी जमीन ओसाड झाली. पूर्व युरोपात पुढच्या शतकांत जमीनदारांनी कुळांना जमिनीशी जास्तच घट्ट बांधलं. अमेरिकेत तर याहून भयंकर घडलं. १५२० मध्ये स्पॅनिश लोकांबरोबर आलेल्या देवीच्या साथीने मेक्सिकोत हाहाकार केला, मागून गोवर आणि इतर रोग आले, आणि शंभर वर्षांत मूळ रहिवाशांची संख्या मूठभर उरली. खाणी आणि उसाचे मळे चालवायला हात हवे होते. मजुरी वाढवून ते मिळवण्याऐवजी आफ्रिकेतून माणसं साखळदंडात घालून आणली गेली. त्या व्यापारामागे साखरेचा नफा होता, साम्राज्यांची भूक होती, आणि रोगांनी मोकळी केलेली भूमीही होती.

साथीला अडवायचं तर व्यापार अडवावा लागतो, हेही चौदाव्या शतकातच लोकांनी ओळखलं. १३७७ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुसा, म्हणजे आजच्या दुब्रोवनिक शहराने साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना महिनाभर बाहेर थांबवायचा नियम केला. पुढे तीसचे चाळीस दिवस झाले आणि इटालियन भाषेतल्या चाळीस या आकड्यावरूनच क्वारंटाइन हा शब्द रूढ झाला. व्हेनिससारखी व्यापारावर जगणारी शहरं हे नियम पाळत, कारण चाळीस दिवसांचा तोटा सोसवतो, पण शहर बुडालं तर काहीच उरत नाही, हे त्यांनी अनुभवलं होतं.

पाचशे वर्षांनी त्याच व्हेनिसमध्ये मुंबईचा निकाल लागायचा होता. फेब्रुवारी-मार्च १८९७ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. मुंबईहून येणारं जहाज आपल्या बंदराला लागू द्यायचं का, हा प्रश्न. अनेक बंदरांनी आधीच निर्बंध घातले होते. मुंबईहून होणारी हजची वाहतूक त्या वर्षी थांबवण्यात आली. कापूस, कातडी, तेलबिया यांचा सगळा व्यापार टांगणीला लागला. आपण साथ कडकपणे मोडून काढतो आहोत हे जगाला दाखवणं ब्रिटिश सरकारला भाग होतं आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला तो या दडपणाखाली. सरकारी अधिकाऱ्यांना त्याने जवळजवळ अमर्याद अधिकार दिले.

त्या अधिकारांचा अर्थ पुण्याने अनुभवला. पुण्याचा प्लेग कमिशनर रँड याच्या हाताखालचे गोरे सोजीर घरात शिरत, देवघरापर्यंत जात, अंथरुणं-पांघरुणं, कपडे, लाकडी सामान बाहेर काढून जाळत. गरिबाच्या घरात मालमत्ता म्हणतात ती तेवढीच असते. वाकळ जळली की पुढचा हिवाळा तिच्याशिवाय काढायचा. रोग्याला छावणीत नेलं की घरातल्या धडधाकट माणसांनाही विलगीकरणाच्या छपरात जावं लागे, म्हणजे मजुरी बुडाली. साथीचा खर्च सरकारच्या ताळेबंदात दिसतो त्याहून कितीतरी पटींनी अशा घरांनी सोसला आणि त्याची बेरीज कुठल्याही वहीत नाही. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. नंतर पुण्यावर जादा पोलीस बसवले गेले आणि त्यांचा खर्च शहराकडूनच वसूल झाला. याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

मुंबईच्या नकाशावर प्लेगची खूण आजही आहे, फक्त ती खूण म्हणून ओळखली जात नाही. दाट वस्ती आणि कोंदट चाळी हे रोगाचं मूळ असं मानून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्याने जुन्या वस्त्या फोडून काढले, म्हणजे समुद्राचा वारा शहरात शिरेल. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याच ट्रस्टची योजना. मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या मनातलं मोकळं, झाडांचं दादर असं उभं राहिलं. ज्यांच्या खोल्या पाडल्या गेल्या ते मात्र तिथे गेले नाहीत. त्यांना पुरतील इतकी घरं ट्रस्टने बांधलीच नाहीत आणि ते शेजारच्या चाळीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरले. साफसफाई झाली ती काही गल्ल्यांची, दाटी पुढच्या गल्लीत सरकली.

शहर मात्र पुन्हा भरलं. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती, १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. १९०६ मध्ये वेगळी शिरगणती केली तर आकडा ९ लाख ७७ हजार निघाला. देशभर मिळून १९१८ पर्यंत प्लेगने सुमारे एक कोटी बळी घेतले. गावोगाव उंदीर पडले की माणसं माळावर झोपड्या बांधून राहायला जात, ही आठवण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी नातवंडांपर्यंत पोचवली आहे.

मग १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे पोलीस शिपाई आजारी पडले, सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली तेव्हा ६ ऑक्टोबर या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. देशात १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख माणसं काही महिन्यांत गेली असा अंदाज आहे. भारताची लोकसंख्या एका जनगणनेहून दुसऱ्या जनगणनेत घटली असं १९११ ते १९२१ या एकाच दशकात झालं. प्लेगपेक्षा हा ताप निराळा होता, तो वीस ते चाळीस वयाच्या कमावत्या माणसांना उचलत होता, आणि भारतात पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. त्यात पावसाने पुन्हा दगा दिलेला, महायुद्धाची महागाई. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईतल्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला. शहरातला हा पहिला सार्वत्रिक संप, आणि पगारात वाढ पदरात पडल्यावरच तो मिटला. १८९७ मध्ये नाक्यावर एकेकट्याने जे मागितलं गेलं होतं, ते आता एका वेळी लाखभर लोक मागत होते.

या साथीवरून अर्थशास्त्रात एक मोठा वाद झाला. भारताच्या खेड्यात माणसं गरजेपेक्षा जास्त आहेत, त्यातली काही काढून घेतली तरी पीक घटणार नाही, असं विसाव्या शतकाच्या मध्यात बरेच विद्वान मानत. शिकागोचे थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात विचारलं, मग इन्फ्लुएन्झाने शेतीतले सुमारे आठ टक्के हात नेले तेव्हा काय झालं? पेरलेलं क्षेत्र ३.८ टक्क्यांनी घटलं होतं. म्हणजे ती माणसं फालतू नव्हती. अमर्त्य सेन यांनी त्यावर हरकत घेतली. मृत्यू घराघरांत सारखे वाटून येत नाहीत, एका घरातले सगळे कर्ते गेले तर त्यांची जमीन पडीक राहते आणि दुसऱ्या घरातले रिकामे हात आपोआप तिथे पोचत नाहीत. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं. वादाचा कौल काहीही असो, त्या आकड्यांत विदर्भापासून पंजाबपर्यंतची न नांगरलेली शेतं आहेत.

साथ लहान असली तरी भीती लहान नसते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले, पण काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून निघाली. सौराष्ट्रातले हिरे घासणारे, ओडिशातून आलेले मागावाले, उधना आणि लिंबायतमध्ये राहणारे खान्देशी कामगार. यंत्रमाग आणि हिरे घासण्याचं काम एकदम थांबलं. आखाती देशांनी विमानं बंद केली, भारतीय माल परत पाठवला गेला. त्यानंतर आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी शहर इतकं स्वच्छ केलं की सुरतेचं नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं.

२०२० मध्ये कोविड आला आणि महाराष्ट्र सरकारने मार्चमध्ये जो कायदा लागू केला तो १८९७ चाच. २४ मार्चला देशभर टाळेबंदी जाहीर झाली. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन आदल्या वर्षापेक्षा २३.९ टक्क्यांनी घसरल्याचं सरकारने जाहीर केलं. या आकड्याखाली काय दडलं होतं ते ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ दिसलं. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले होते. थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. त्यांच्या शिदोरीतल्या भाकऱ्या रुळांमध्ये विखुरलेल्या होत्या.

त्याच आठवड्यात कर्नाटक सरकारने मजुरांना गावी नेणाऱ्या रेल्वेगाड्या रद्द करायला सांगितलं. बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाली होती आणि मजूर गेले तर कामं अडतील अशी चिंता होती. देशभरातून टीका झाल्यावर दोनच दिवसांत निर्णय फिरवावा लागला. उत्तर प्रदेशाने बहुतेक कामगार कायदे तीन वर्षांसाठी बाजूला ठेवण्याचा अध्यादेश मंत्रिमंडळात मंजूर केला. गुजरातने बारा तासांच्या पाळीला, जादा कामाचा दुप्पट दर न देता, मुभा दिली, ती सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबरला रद्द केली.

जूनमध्ये पंजाबात भाताची लावणी आली. दरवर्षी ती बिहार आणि उत्तर प्रदेशातून येणारे मजूर करतात, त्या वर्षी ते घरी होते. शेतकऱ्यांनी बस भाड्याने घेऊन बिहारच्या गावांत पाठवल्या, मजुरांना आगाऊ उचल दिली. तरी माणसं पुरेनात. तेव्हा गावातलेच भूमिहीन दलित मजूर लावणीला पुढे झाले आणि त्यांनी वाढीव दर मागितला. आदल्या वर्षी एकरी अडीच-तीन हजार होते, आता साडेचार हजारांच्या वर. त्यावर कित्येक ग्रामपंचायतींनी ठराव केले: लावणीचा दर अमुक इतकाच, जास्त देणाऱ्याला दंड, जास्त मागणाऱ्यावर बहिष्कार. गुरुद्वाऱ्यांच्या भोंग्यांवरून ते ठराव गावाला ऐकवले गेले. मजुरांच्या संघटनांनी गावागावांत सभा घेऊन विरोध केला, काही ठिकाणी ठराव मागे घेतले गेले, आणि चिखलात उतरलेल्या बायकांनी आपला दर ठरवूनच रोपाला हात घातला.